अमेरिकेतील प्रतिपालित मुले आणि मनोविकारांवरील औषधे : संमतीच्या प्रश्नाचा इतिहास

आईबापांच्या ताब्यातून काढून घेतलेले मूल शासनाने परक्या कुटुंबाच्या स्वाधीन करावयाचे, त्याच्या खर्चापोटी त्या कुटुंबास दरमहा ठरावीक रक्कम द्यावयाची, आणि आईबापांची स्थिती सुधारल्यास मूल परत धाडावयाचे, न सुधारल्यास त्याच्या दत्तकविधानाची खटपट करावयाची, अशी जी व्यवस्था अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकात रूढ झाली, तिला तेथे फॉस्टर केअर असे म्हणतात. मराठीत तिला प्रतिपालन म्हणावयास हरकत नाही. दत्तकविधानाशी तिचे साम्य केवळ वरवरचे आहे. दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते. परंतु त्याला कोणाचे तरी गोत्र असते. प्रतिपालित मूल मात्र कायद्याने शासनाचे, रक्ताने आईबापांचे आणि अन्नवस्त्रापुरते तिऱ्हाइताचे असते. ह्या त्रिस्थळी अवस्थेत वाढणाऱ्या मुलास एखाद्या डॉक्टराने मनोविकारावरील गोळी लिहून दिली, तर ती त्यास द्यावी किंवा न द्यावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि दिल्यानंतर ती कधी थांबवावी हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? ह्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचा ऊहापोह अमेरिकेत पुष्कळ झाला. दुसऱ्याकडे लक्ष फार उशिरा गेले. औषधांच्या प्रमाणाविषयी जे वादळ १९९८ नंतर तेथे उठले, त्याचे मूळ ह्या विषमतेत आहे.

व्यवस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगावयाचा तर न्यूयॉर्क येथे १८५३ साली चार्ल्स लोरिंग ब्रेस ह्या धर्मोपदेशकाने स्थापिलेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीपासून आरंभ करावा लागतो. शहरातील निराधार मुले आगगाडीने पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांकडे पोचविण्याचा ह्या संस्थेचा उपक्रम १८५४ मध्ये सुरू झाला व १९२९ पर्यंत चालला. त्यात व तत्सम उपक्रमांत मिळून सुमारे दोन लाख मुले हलविली गेली असा अंदाज केला जातो. त्यांतील पुष्कळांचे आईबाप हयात होते. १९०९ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमध्ये परिषद भरविली. केवळ दारिद्र्यामुळे मूल घरातून काढू नये, आणि काढावेच लागले तर अनाथाश्रमापेक्षा कुटुंबात ठेवावे, हे तत्त्व तीत मान्य झाले. पुढे १९६२ साली डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा परिणाम असा झाला की, १९६७ पर्यंत सर्व राज्यांत बालछळाची खबर देणे बंधनकारक करणारे कायदे झाले. खबर आली की चौकशी आली, आणि चौकशीमागोमाग मूल हलविणे आले. १९९९ च्या सप्टेंबरअखेर प्रतिपालनात असलेल्या मुलांची संख्या सुमारे ५ लाख ६७ हजार होती. १९६५ साली निघालेल्या मेडिकेड ह्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात ही बहुतेक सर्व मुले समाविष्ट झाली, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. कारण गोळ्यांचे पैसे कोण देणार हा प्रश्न तिने कायमचा मिटविला.

औषधांचा इतिहास ह्याहून स्वतंत्र आहे, आणि त्याचा आरंभ काहीसा निरागस आहे. ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे एमा पेंडल्टन ब्रॅडली होम ही संस्था होती. मेंदूच्या दाहाने कायमची पंगू झालेल्या आपल्या मुलीच्या नावे एका धनिक दांपत्याने ठेवलेल्या देणगीतून ती १९३१ साली उघडली गेली होती. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली बेंझेड्रिन ह्या उत्तेजक औषधाचा प्रयोग ३० मुलांवर केला. एक आठवडा औषधाविना निरीक्षण, एक आठवडा औषध, पुन्हा एक आठवडा औषधाविना निरीक्षण, असा त्यांचा क्रम होता. निम्म्या मुलांची अभ्यासातील प्रगती एकाएकी सुधारली. मुलांनी त्या गोळ्यांना अंकगणिताच्या गोळ्या असे नाव ठेवले होते. ह्या प्रयोगाची आजच्या कसोटीस उतरणारी शास्त्रीयता कितपत होती हा वेगळा प्रश्न आहे. परंतु त्यातील एक गोष्ट नंतरच्या काळात दुर्मिळ झाली. ती मुले त्या संस्थेत राहत असत. शिक्षक, परिचारिका व डॉक्टर त्यांना दिवसचे दिवस पाहत असत, औषधापूर्वीचे मूल कसे होते हे ठाऊक असलेली माणसेच औषधानंतरच्या मुलाची पारख करीत असत, आणि तिसऱ्या आठवड्यात औषध बंद होत असे.

१९५२ साली पॅरिस येथे क्लोरप्रोमाझीन ह्या औषधाचा मनोविकृतींवरील गुण सिद्ध झाला आणि १९५४ मध्ये ते थोराझीन ह्या नावाने अमेरिकन बाजारात आले. रिटॅलिनला १९५५ साली मान्यता मिळाली. मोठ्यांच्या वेड्यांच्या इस्पितळांत थोराझीनने जी शांतता आणली, तिचा मोह मुलांच्या सुधारगृहांना पडला नसता तरच नवल. इंडियाना राज्यातील मुलग्यांच्या एका सरकारी सुधारशाळेत बेताल झालेल्या मुलांना गुंगीच्या औषधांची सुई टोचण्याची वहिवाट होती. डॉक्टराचा सरसकट आदेश लिहून ठेवलेला असे आणि त्याच्या आधारे परिचारिका सुई देत. १९७४ साली सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने नेल्सन विरुद्ध हाइन ह्या खटल्यात हा प्रकार क्रूर व असाधारण शिक्षा असल्याने घटनाबाह्य ठरविला. ती मुले प्रतिपालित नव्हती, शिक्षेवर आलेली होती. परंतु औषध हे कधी उपचार असते आणि कधी साखळदंड, हा भेद त्या निकालाने प्रथम स्पष्टपणे पुढे आणला.

त्याच सुमारास ओमाहा येथे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. नेब्रास्का राज्यातील ह्या शहरात शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्क्यांना वर्तन सुधारण्याच्या गोळ्या दिल्या जातात, असे वृत्त १९७० च्या जून महिन्यात वॉशिंग्टन पोस्टने छापले. आकडा बराच फुगविलेला होता असे मागाहून दिसून आले. तरीही त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी काँग्रेसचे सभासद कॉर्नेलियस गॅलघर यांच्या समितीपुढे जाहीर सुनावणी झाली, वृत्तपत्रांतून महिनोन् महिने चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी रिटॅलिन हे औषध कडक नियंत्रणाखालील यादीत घातले गेले. तीन महिन्यांत एवढी चक्रे फिरली ह्याचे कारण उघड आहे. ह्या मुलांना आईबाप होते. शाळा मुलास काय देते, असे विचारावयास ते येऊ शकत होते, वार्ताहरांशी बोलू शकत होते, मतदान करू शकत होते. प्रतिपालित मुलांविषयी त्याच स्वरूपाचे वृत्त ठळकपणे छापून येण्यास आणखी अठ्ठावीस वर्षे लागली.

ह्या अठ्ठावीस वर्षांच्या मध्यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. त्याचा विषय औषधे हा नसल्याने ह्या इतिहासात त्याची आठवण फारशी काढली जात नाही; परंतु त्यावाचून पुढील घटनांचा उलगडा होत नाही. पॅरम विरुद्ध जे. आर. हा तो खटला. जॉर्जिया राज्यातील जे. आर. हा मुलगा तीन महिन्यांचा असताना आईबापांपासून काढून घेतला गेला होता. त्यानंतर एकामागून एक सात प्रतिपालक घरे त्याने पाहिली. सातव्या वर्षी, सातव्या घरानंतर, शासनाच्या बालकल्याण खात्याने त्यास मिलेजव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात दाखल केले. आईबापांनी किंवा पालकाच्या नात्याने शासनाने मुलास मनोरुग्णालयात घालावयाचे असेल, तर आधी तटस्थ न्यायाधिकाऱ्यापुढे सुनावणी व्हावी की नाही, असा प्रश्न १९७५ साली दाखल झालेल्या ह्या दाव्यात उपस्थित झाला. खालच्या न्यायालयाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला. २० जून १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मुख्य न्यायाधीश बर्गर यांचे म्हणणे असे की, आईबाप सामान्यतः मुलाच्या हिताचेच पाहतात हे जसे गृहीत धरावयाचे, तसेच शासनाचे खातेही मुलाच्या हिताचेच पाहते असे, विरुद्ध पुरावा नसेल तर, गृहीत धरावयाचे. दाखल करताना रुग्णालयातील डॉक्टराने स्वतंत्र बुद्धीने तपासणी केली म्हणजे पुरे. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी, न्यायमूर्ती मार्शल व स्टीव्हन्स यांच्यासह, ह्या दुसऱ्या गृहीतकास विरोध नोंदविला. आईबाप व मूल यांच्यातील मायेचे जे नाते न्यायालयास सुनावणी नाकारण्यास प्रवृत्त करते, ते नाते खात्याचा अधिकारी व मूल यांच्यात नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

निकाल खात्याच्या बाजूने लागला तरी त्यातच एक कबुली दडलेली आहे. बर्गर यांनी असे मान्य केले की, ज्याच्याविषयी मनापासून कळकळ असणारे वडीलधारे माणूस नाही अशा मुलाच्या बाबतीत दाखल करण्याचा निर्णय चुकण्याचा संभव विशेष नसला, तरी त्याच्या तेथील मुक्कामाच्या लांबीवर ह्या उणिवेचा परिणाम होऊ शकतो. गर्दीत अशा मुलाचा विसर पडण्याचा धोका असतो. हे विधान करून न्यायालयाने तो धोका खालच्या न्यायालयाच्या विचारार्थ सोडून दिला. परंतु त्यात मर्म बरोबर पकडलेले आहे. आत घालणारे पुष्कळ असतात, बाहेर काढणारे मात्र आपले माणूस लागते. मनोरुग्णालयांतील खाटा पुढील दशकांत घटत गेल्या आणि त्यांची जागा गोळ्यांनी घेतली. मुक्कामाच्या लांबीचा प्रश्न तसाच्या तसा गोळ्यांच्या मुदतीचा प्रश्न झाला.

१९९० नंतर औषधांची जी नवी पिढी आली, तिने प्रमाणाचे सारे गणित बदलून टाकले. भ्रम व आभास यांसारख्या गंभीर विकृतींसाठी बनविलेले रिस्पेरिडोन १९९३ अखेर मान्य झाले, ओलांझापीन १९९६ मध्ये, क्वेटिआपीन १९९७ मध्ये. जुन्या औषधांप्रमाणे हातापायांना ताठरपणा व कंप आणण्याचा दोष ह्यांत कमी होता. ही मान्यता प्रौढांपुरती होती. तथापि अमेरिकन कायद्याप्रमाणे एकदा बाजारात आलेले औषध कोणत्या वयाच्या कोणत्या रोग्यास द्यावे हे डॉक्टराच्या अधिकारात राहते. त्यामुळे मान्यतेबाहेरचा वापर हा गुन्हा नव्हे. मुलांमधील चिडखोरपणासाठी रिस्पेरिडोनला मान्यता मिळाली ती २००६ मध्ये, आणि तीही स्वमग्न मुलांपुरती. तोवर हे औषध सहस्रावधी मुलांच्या पोटात गेलेले होते. निदानांचीही चलती बदलली. वीस वर्षांखालील मुलांत उन्माद-अवसाद विकाराचे निदान झालेल्या दवाखान्यातील भेटी १९९४-९५ मध्ये लाखामागे २५ होत्या, त्या २००२-०३ मध्ये लाखामागे १००३ झाल्या. आठ वर्षांत एखादा रोग चाळीसपट होत नसतो. चाळीसपट होते ते त्याचे नाव.

ह्या औषधांचे अपायही निराळे होते. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, ही औषधे प्रथमच घेणाऱ्या मुलांचे वजन सुमारे अकरा आठवड्यांत औषधपरत्वे ४.४ ते ८.५ किलोने वाढलेले आढळले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर व चरबी यांचे बिघाड त्यासोबत आले. २०१३ साली जॉन्सन अँड जॉन्सन ह्या कंपनीने रिस्पर्डल व इतर काही औषधांच्या विक्रीसंबंधीचे आरोप मिटविण्यासाठी २.२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. मुलांसाठी मान्यता नसताना त्यांच्याकरिता ह्या औषधाचा प्रसार केला, हा सरकारच्या आरोपांपैकी एक होता. तो कंपनीने कबूल केला नाही.

परंतु कंपन्यांचा लोभ आणि डॉक्टरांची घाई ह्यांनी सर्वच मुलांचे प्रमाण वाढावयास हवे होते, आणि ते वाढलेही. प्रतिपालित मुलांचे प्रमाण त्यांच्या कित्येक पटींनी का वाढले, ह्याचे उत्तर त्यांच्या दैनंदिन जीवनक्रमात शोधावे लागते. मारहाण, उपासमार अथवा आईबापांची व्यसने पाहून आलेले मूल रात्री झोपत नाही, किंचित आवाजाने दचकते, वर्गात लक्ष देत नाही, अंगावर धावून येते. हीच लक्षणे अतिचंचलतेच्या, उन्मादाच्या आणि अवज्ञेच्या विकारांच्या यादीतही आहेत. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरापुढे जी हकीकत येते ती पंधरा दिवसांपूर्वी मूल घरी आलेल्या प्रतिपालक आईकडून; ह्यापूर्वी ते कसे होते हे तिला ठाऊक नसते. एक औषध सुरू होते. मूल तिसऱ्या घरी जाते, गावाबरोबर डॉक्टर बदलतो. नव्या डॉक्टरापुढे मूल येते ते औषधासह. आधीचे औषध का दिले होते हे कळावयास मार्ग नसल्याने ते काढण्याचे धाडस तो करीत नाही, आणि तक्रार तर कायम असते, म्हणून दुसरे जोडतो. दुसऱ्याने झोप उडाली म्हणून तिसरे येते. ह्या साखळीत दुष्ट कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या कडीपुरता वाजवी वागतो. जोडण्यासाठी एका भेटीची माहिती पुरते. काढण्यासाठी मुलाचा सबंध इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि तो ठाऊक असणारे माणूस ह्या व्यवस्थेत नसते. त्यातच बालमनोविकारतज्ज्ञ दुर्मिळ. बोलून उपचार करणारा मनुष्य मिळणे कठीण, आणि मिळाला तरी मूल दुसऱ्या घरी गेले की तो उपचार तुटतो. गोळी मात्र मुलाबरोबर पिशवीत घालून धाडता येते.

१९९८ साली लॉस एंजेलिस टाइम्सने कॅलिफोर्नियातील प्रतिपालित मुलांना, विशेषतः समूहगृहांतील मुलांना, सर्रास औषधे दिली जात असल्याचे उघडकीस आणले. २००४ साली टेक्सास राज्याच्या हिशेबप्रमुख कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी विसरलेली मुले अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल काढून आपल्याच राज्याच्या कारभारावर कोरडे ओढले. त्याच राज्यातील नोंदींवरून ज्यूली झीटो व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोविकारांवरील औषध मिळणाऱ्या प्रतिपालित मुलांपैकी ४१.३ टक्के मुलांना जुलै २००४ ह्या एका महिन्यात तीन किंवा अधिक वर्गांतील औषधे मिळाली होती, १५.९ टक्के मुलांना चार किंवा अधिक. अखेर काँग्रेसच्या हिशेब व कारभार तपासणी कार्यालयाने फ्लॉरिडा, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, ओरेगन आणि टेक्सास ह्या पाच राज्यांची २००८ सालची आकडेवारी तपासून डिसेंबर २०११ मध्ये आपला निष्कर्ष सिनेटच्या उपसमितीपुढे ठेवला. प्रतिपालित मुलांपैकी राज्यपरत्वे २१ ते ३९ टक्क्यांना अशी औषधे दिली जात होती; मेडिकेडमधील इतर गरीब मुलांत हेच प्रमाण ५ ते १० टक्के होते. म्हणजे तफावत २.७ ते ४.५ पटींची. पाच किंवा अधिक औषधे एकाच वेळी घेणारी मुले होती, आणि अशा मिश्रणास कोणताही शास्त्रीय आधार नाही असे तज्ज्ञांनी सांगितले. एक वर्षाच्या आतील अर्भकांच्या नावेही काही नोंदी निघाल्या. त्या सुनावणीत बारा वर्षांच्या एका मुलाने साक्ष दिली. प्रतिपालनात असताना त्यास एकाच वेळी अनेक औषधे दिली जात असत. दत्तक घेणाऱ्या कुटुंबात आल्यावर ती उतरविण्यात आली आणि उपचार बोलण्याच्या मार्गाने होऊ लागले. औषधे उतरली ती आईबाप मिळाल्यावर, ही बाब आकड्यांच्या गर्दीत दुर्लक्षिली जाऊ नये.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य होईल. ह्या मुलांचे दुखणे खोटे नाही. ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांत प्रतिपालनातून बाहेर पडलेल्या तरुण प्रौढांची जी पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे २५ टक्क्यांना आघातोत्तर मनोविकार आढळला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांतही हे प्रमाण इतके नसते. दुखणे अधिक तर उपचार अधिक, असे म्हणता येईल. शिवाय औषधाने खरोखर स्थिरावलेली, शाळेत बसू लागलेली, त्यामुळे प्रतिपालक घरी टिकलेली मुलेही आहेत, आणि सरसकट बंदी घातली तर त्यांच्यावर अन्याय होईल. आक्षेप खरा आहे. परंतु तो थोडक्या भागास लागू पडतो. आघातोत्तर विकारासाठी मुलांत प्रथम करावयाचा उपचार बोलण्याचा आहे, आणि तीन-चार औषधांच्या मिश्रणास आधार देणारे संशोधन नव्हतेच. दुखणे अधिक होते म्हणून औषधे सुरू झाली हे मान्य केले, तरी ती का साठत गेली ह्याचे उत्तर त्यात मिळत नाही.

राज्यांनी जे उपाय केले त्यांचा इतिहास म्हणजे आईबापांच्या रिकाम्या आसनावर कोणास बसवावे ह्याविषयीच्या प्रयोगांचा इतिहास होय. कॅलिफोर्नियाने १९९९ च्या कायद्याने तेथे न्यायाधीशास बसविले. आईबापांपासून काढलेल्या मुलास असे औषध देण्यास बालन्यायालयाची परवानगी आवश्यक झाली. डॉक्टराने ठरावीक नमुना भरावयाचा आणि न्यायाधीशाने सही करावयाची. न्यायाधीश मुलास बहुधा ओळखत नसे आणि औषधशास्त्र जाणत नसे. नमुन्यात जे लिहिले असेल तेवढेच त्याच्यापुढे असे. पंधरा वर्षांनी, २०१४ साली, सॅन होजे येथील मर्क्युरी न्यूज ह्या वृत्तपत्राने दाखवून दिले की, मागील दशकात राज्यातील प्रतिपालित किशोरांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्यास ही औषधे मिळाली होती. २०१५ मध्ये नवे कायदे करून परिचारिकांकडून देखरेखीची तरतूद झाली. पुढच्याच वर्षी राज्याच्या लेखापरीक्षकाने चार काउंट्यांतील ८० मुलांच्या फायली तपासल्या, तेव्हा अनेक फायलींत संमतीचा आवश्यक तो कागदच आढळला नाही.

इलिनॉयने संमतीचा अधिकार एकाच कचेरीत केंद्रित केला आणि तिला शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या बालमनोविकारतज्ज्ञांचा सल्ला जोडून दिला. ह्या प्रयोगाची वाखाणणी पुष्कळ झाली. टेक्सासने २००५ मध्ये औषधांच्या मात्रा व संख्या यांच्या मर्यादा सांगणारी मार्गदर्शिका काढली, प्रत्येक मुलासाठी नावानिशी संमती देणारा माणूस नेमण्याचा कायदा केला, आणि २००८ पासून मुलाची वैद्यकीय नोंद त्याच्यामागोमाग जाईल अशी व्यवस्था केली. तेथील औषधांचे प्रमाण त्यानंतर लक्षणीय घटले.

फ्लॉरिडाची हकीकत मात्र निराळी आहे. त्या राज्याने २००५ साली कायदा केला तो कागदावर उत्तम होता. आईबापांचे हक्क रद्द झालेले नसतील तर त्यांची समजून-उमजून दिलेली संमती, ती न मिळाल्यास न्यायालयाचा हुकूम. प्रतिपालकास किंवा खात्याच्या कार्यकर्त्यास संमती देण्याचा अधिकार नाही. १६ एप्रिल २००९ रोजी फोर्ट लॉडरडेलनजीक मार्गेट येथे एका प्रतिपालक घरात सात वर्षांचा मुलगा स्वतःच्या हाताने प्राणास मुकला. जून २००८ मध्ये आईपासून काढल्यावरच्या दहा महिन्यांत त्यास मनोविकारांवरील अनेक औषधे देऊन झाली होती. त्यांतील काहींच्या वेष्टनावर मुलांमध्ये आत्मघाताचे विचार बळावण्याविषयीचा इशारा होता. अवसादावरील औषधांबाबत हा इशारा देण्याचे केंद्रीय औषध प्रशासनाने २००४ मध्येच बंधनकारक केले होते. ती औषधे देण्यासाठी कायद्याने सांगितलेली संमती घेतली गेली नव्हती. खात्याने मग राज्यातील सर्व फायली काढल्या. घराबाहेर ठेवलेल्या सुमारे वीस हजार मुलांपैकी तेरा टक्क्यांच्या आसपास मुले अशा औषधांवर होती, आणि त्यांतील कित्येकांच्या संमतीचा पत्ता नव्हता. नेमलेल्या अभ्यासगटाने कायद्यात उणीव नसून त्याच्या पालनात आहे असे म्हटले, आणि त्या मुलाच्या बाबतीत सर्वांना थोडे थोडे ठाऊक होते, परंतु सर्व ठाऊक असणारे व त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नव्हते, असा त्याच्या निष्कर्षांचा रोख होता. पॅरम खटल्यातील ती कबुली तीस वर्षांनी अशा रीतीने प्रत्ययास आली.

केंद्रशासनाने २००८ च्या कायद्याने प्रत्येक राज्यास प्रतिपालित मुलांच्या औषधांवर देखरेखीची योजना आखण्यास सांगितले आणि २०११ च्या कायद्याने मनोविकारांवरील औषधांसाठी विशेष नियम करणे भाग पाडले. योजना झाल्या, नियमही झाले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय आरोग्यखात्याच्या महानिरीक्षकांनी, जेथे ह्या औषधांचे प्रमाण सर्वाधिक होते अशा पाच राज्यांतील फायली पाहिल्या, तेव्हा औषधे घेणाऱ्या प्रतिपालित मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांच्या बाबतीत नियमाने आवश्यक असलेला उपचारांचा आराखडा तरी नव्हता, नाही तर औषधांवरची देखरेख तरी झालेली नव्हती.

केवळ ह्याच विषयावर सर्व प्रतिपालित मुलांच्या वतीने लढला गेलेला पहिला दावा मिसूरी राज्यात जून २०१७ मध्ये दाखल झाला. दाव्यातील तक्रारी पाहता त्यांत औषधबंदीची मागणी कोठेच नाही. मुलांच्या वैद्यकीय नोंदी ठेवल्या जात नाहीत व प्रतिपालकांना दिल्या जात नाहीत, संमती देणारास काय विचारावे हे शिकविले जात नाही, आणि धोकादायक मिश्रणांची दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी होत नाही, अशा त्या तक्रारी होत्या. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ह्या तिन्ही गोष्टी राज्याने मान्य केल्या. त्यांपैकी पहिली नवी नव्हती. मूल नव्या घरी जाताना त्याच्या औषधांसह सर्व आरोग्यविषयक माहिती प्रतिपालकाच्या हाती द्यावी, असे केंद्रीय कायद्यात १९८९ साली झालेल्या दुरुस्तीत लिहिलेलेच होते.